वेदनेची वर्दी



दुखणे नको, अशी मागणी ज्याने कधी केली नाही असा माणूस या मंडपात सापडणार नाही. दाढ ठणकू लागली म्हणजे तर वाटते, निसर्गाने ही वेदना निर्माणच केली नसती तर त्याचे काय बिघडले असते? आज मी याच प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे ठेवणार आहे, आणि ते कल्पनेने द्यावयाचे नाही. जगात थोडी मुले खरोखरच अशी जन्माला येतात की ज्यांना वेदना होत नाही. त्यांचे पुढे काय होते हे वैद्यांनी पाहून लिहून ठेवले आहे. ते तसे का होते, हेही गेल्या तीस वर्षांत पुष्कळसे उलगडले आहे. एका जनुकातील बिघाडाची ही हकीगत आहे.

कामगारांत काम करणारा माणूस या विषयाकडे कसा वळला, असे काहींच्या मनात येईल. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि नुकसानभरपाईच्या प्रकरणांत. ज्याचे बोट तुटले, ज्याचा हात भाजला, त्याचे प्रकरण चालवावयाचे तर डॉक्टरांचा दाखला समजला पाहिजे. ‘मज्जातंतूस इजा’, ‘संवेदना नाही’ असे शब्द त्यांत असत. एकेका शब्दाचा अर्थ शोधत गेलो आणि शोधता शोधता या जनुकापाशी येऊन पोहोचलो. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर जे वाचले आणि पडताळून पाहिले ते सांगणारा एक वाचक म्हणून मी उभा आहे.

प्रथम त्या मुलांविषयी. मूल जन्मते तेव्हा धडधाकट दिसते. थोड्याच दिवसांत त्याला कारण न कळता ताप येऊ लागतो, आणि उन्हाळ्यात तो फार चढतो. लस टोचताना ते रडत नाही. आईला वाटते, मूल मोठे सोशीक आहे. मग दात येतात. दात येताच मूल स्वतःचीच जीभ, ओठ आणि बोटांची टोके चावू लागते, आणि रक्त आले तरी थांबत नाही. चालू लागल्यावर पडते, हाड मोडते, आणि ते त्याच मोडक्या पायावर चालत राहते. तापल्या तव्याला हात लागला तर हात मागे येत नाही. जखम चिघळते, पू हाडापर्यंत जातो, सांधे झिजून वेडेवाकडे होतात. बहुतेक मुलांची बौद्धिक वाढही कमीअधिक प्रमाणात मागे पडते.

याच्या जोडीला आणखी एक विचित्र गोष्ट असते. या मुलांना घाम येत नाही. घाम ही आपल्या देहाची थंड होण्याची युक्ती आहे. ती नसली म्हणजे साध्या उन्हानेही देह भट्टीसारखा तापतो. पाचांपैकी एक मूल वयाची तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच अशा तापाने दगावते, असा हिशेब वैद्यकीय ग्रंथांत दिलेला असतो. भारतातूनही अशा मुलांच्या नोंदी झाल्या आहेत. आपल्याकडचा वैशाख अशा मुलावर काय आणत असेल, हे या दिवसांत आपल्याला निराळे सांगावयास नको.

परंतु या मुलांना साधा स्पर्श मात्र कळतो. डोळे मिटून बसवले तरी आपला हात कोठे आहे हे त्यांना समजते. आईने कुशीत घेतलेले त्या बाळाला कळते. चटका तेवढा कळत नाही.

१९६३ साली स्वान्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी अशा दोन सख्ख्या भावांची हकीगत प्रसिद्ध केली. त्या भावांपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला, आणि त्याच्या मज्जासंस्थेची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९६५ साली मांडण्यात आले. आपल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जापेशींचे लहान लहान गुच्छ असतात. त्यांतून निघालेले तंतू त्वचेपर्यंत, हाडांपर्यंत, सांध्यांपर्यंत जातात. त्या मुलाच्या गुच्छांत मोठ्या पेशी होत्या, लहान पेशी नव्हत्या. मोठ्या पेशी स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची खबर आणतात. लहान पेशी वेदनेची आणि उष्णतेची. म्हणजे मुलाचा मेंदू वेदना दडवून ठेवत नव्हता. वेदनेची वर्दी देणारा माणूसच जागेवर नव्हता.

पण हे कळल्याने कोडे सुटले नाही, उलट वाढले. लहान पेशीच तेवढ्या का नसाव्यात? आणि वेदनेचा घामाशी संबंध काय? त्वचेत घामाच्या ग्रंथी जागच्या जागी असतात. पण त्यांना हुकूम देणारे तंतू तेथवर आलेलेच नसतात. ते तंतू अनुकंपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्याच मज्जासंस्थेचे असतात. दोन निराळ्या खात्यांतली माणसे एकदम नाहीशी होतात आणि बाकीची खाती चालू राहतात, याचे काहीतरी समान कारण असले पाहिजे. ते सापडण्यासाठी आपल्याला इटलीतील तुरीन शहरात, कोंबडीच्या अंड्यांपाशी जावे लागेल.

रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी या तेथल्या एका ज्यू कुटुंबातल्या. जन्म १९०९. १९३६ साली त्या वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे करून ज्यू लोकांना विद्यापीठांतून हाकलले. बाई घरी आल्या. त्यांनी आपल्या निजावयाच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुयांना धार लावून त्यांची शस्त्रे केली. प्रयोगाला कोंबडीची अंडी घेतली, कारण ती बाजारात मिळत. बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हा हे सर्व सामान घेऊन त्या खेड्यात गेल्या. १९४३ साली जर्मन फौजा उतरल्यावर फ्लॉरेन्समध्ये लपून राहिल्या. १९४७ साली अमेरिकेतील सेंट लुई येथून व्हिक्टर हँबर्गर या प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांना बोलावून घेतले.

त्यांचा प्रश्न साधा होता. अंड्यातल्या गर्भाचा पंख किंवा पाय फुटण्याआधीच काढून टाकला, तर त्या अवयवाकडे जाणाऱ्या मज्जापेशी नाहीशा होतात. हँबर्गरना वाटत होते की अशा पेशी घडतच नसाव्यात. बाईंनी दाखवून दिले की पेशी घडतात, वाढतात, तंतू पाठवतात, आणि समोर अवयव सापडला नाही म्हणजे मरतात. एवढेच नव्हे, तर ज्या गर्भाला कोणी हातही लावला नाही त्याच्यातही पुष्कळ मज्जापेशी मरत असतात. निसर्ग गरजेपेक्षा अधिक पेशी निर्माण करतो, आणि मग त्यांतल्या किती राहतील हे त्या ज्या अवयवाला जाऊन भिडतात तो अवयव ठरवतो. तेव्हा अवयव पेशींना काहीतरी देत असला पाहिजे. ते काय?

उंदराच्या एका जातीची गाठ कोंबडीच्या गर्भात बसवली तर मज्जातंतू त्या गाठीत वेड्यासारखे शिरतात, असे आढळले होते. १९५२ साली बाई दोन उंदीर बरोबर घेऊन ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे गेल्या, कारण तेथल्या प्रयोगशाळेत काचेवर पेशी वाढवण्याची सोय होती. गाठीचा तुकडा मज्जापेशींच्या गुच्छाशेजारी ठेवला. चोवीस तासांच्या आत गुच्छातून सर्व बाजूंना तंतू फुटले. सूर्याभोवती किरण काढावेत तसे. गाठीतून कोणतेतरी द्रव्य पाझरत होते. सेंट लुईला स्टॅन्ली कोहेन या रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे करण्याचे काम हाती घेतले. त्या कामात त्यांनी सापाचे विष वापरून पाहिले, ते दुसऱ्याच हेतूने. तर त्या विषातच हे द्रव्य गाठीपेक्षा कितीतरी अधिक निघाले. सापाची विषग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचाच एक प्रकार. म्हणून नर उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या, तर त्याही त्याने भरलेल्या. हे द्रव्य म्हणजे एक प्रथिन आहे. इंग्रजीत त्याला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर म्हणतात. आपण त्याला मज्जापोषक म्हणू. या कामासाठी लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाई पुढे १०३ वर्षांच्या होऊन २०१२ साली वारल्या.

येथे अर्धीच गोष्ट पुरी झाली. बाजारात माल आला एवढ्याने तो घरात येत नाही. दार उघडणारा कोणी लागतो. पेशीभोवती एक पातळ पटल असते, आणि मज्जापोषकासारखे प्रथिन आपणहून त्यातून आत जाऊ शकत नाही. पेशीच्या पटलावर बसून त्याला ओळखणारे दुसरे प्रथिन असले पाहिजे. अशा प्रथिनाला ग्राही म्हणतात. मज्जापोषकाचा खरा ग्राही कोणता, हे नोबेल पारितोषिक मिळाले त्या दिवशीही ठाऊक नव्हते. गंमत अशी की तो त्याच वर्षी छापून आला होता, पण दुसऱ्याच नावाने आणि दुसऱ्याच खात्यात.

मारियानो बार्बासिद हे स्पॅनिश शास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेत कर्करोगावर काम करीत होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका गाठीत त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विकृत जनुक सापडले. दोन जनुके तुटून त्यांचे तुकडे एकमेकांना जोडले गेले होते. एक तुकडा ट्रोपोमायोसिन या स्नायूंतल्या परिचित प्रथिनाच्या जनुकाचा. दुसरा कोणाला माहीत नसलेल्या एका ग्राहीच्या जनुकाचा. या जोडाची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव ट्रॅक ठेवले गेले. १९८६ साली हा शोध प्रसिद्ध झाला. मग मूळचे, न तुटलेले जनुक शोधले गेले. पण त्याचा ग्राही कशाची वाट पाहत पेशीवर बसलेला असतो, हे पाच वर्षे कोणाला कळले नाही. १९९१ साली उत्तर आले: तो मज्जापोषकाची वाट पाहत असतो. मज्जापेशींचा अभ्यास करणारे आणि कर्करोगाचा अभ्यास करणारे एकाच विहिरीचे पाणी दोन काठांवरून शेंदत होते.

या जनुकाचे आजचे नाव एनटीआरके-१. ते मनुष्याच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्याच्या आज्ञेवरून बनणारे प्रथिन म्हणजे ट्रॅक-ए हा ग्राही. सुमारे ७९० अमिनो आम्लांची ही साखळी आहे. तिचा एक भाग पेशीच्या बाहेर असतो, मधला लहानसा भाग पटलात रुतलेला असतो आणि उरलेला पेशीच्या आत असतो. फाटकावर दोन पहारेकरी उभे आहेत अशी कल्पना करा. मज्जापोषकाचा रेणू जुळ्यासारखा असतो. तो येतो आणि दोघांनाही एकाच वेळी धरतो. दोघे जवळ ओढले जातात, आणि त्यांचे आतले हात एकमेकांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. शिक्का उमटला की आत कामाची साखळी सुरू होते: जगा, वाढा, तंतू पुढे न्या.

आता अंतराचा विचार करा. पायाच्या अंगठ्याची खबर आणणारी मज्जापेशी कमरेपाशी, कण्याजवळ असते. पेशीचा देह मिलिमीटरचा एक लहानसा अंश, आणि तंतू मात्र जवळजवळ मीटरभर लांब. अंगठ्यापाशी मज्जापोषक मिळाल्याचे कमरेपाशी कळावे कसे? तंतूच्या टोकाला ग्राही आणि मज्जापोषक दोघेही एका सूक्ष्म पिशवीत बंद होतात, आणि ती पिशवी तंतूच्या आतल्या रुळांवरून तासाला काही मिलिमीटर अशा चालीने वर नेली जाते. शिक्के वाटेतही ताजे राहतात. पिशवी पोहोचली की पेशी जगते. गर्भावस्थेत ती पोहोचली नाही, तर पेशी स्वतःच आपला संसार आवरते.

हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, निसर्गातही लायक तोच टिकतो. मजूरकपातीच्या वेळी ही भाषा मी मालकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आहे, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. मेलेली पेशी नालायक होती असे कोणत्याही प्रयोगात दिसलेले नाही. तिला मज्जापोषक दिले असते तर तीही जगली असती. गर्भाला बाहेरून ते अधिक दिले असता अधिक पेशी जगतात हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. अवयवापाशी द्रव्य मोजके असते, एवढाच त्याचा अर्थ. पेशींच्या वागणुकीवरून माणसांचे कायदे काढण्याचा मोह दोन्ही बाजूंनी टाळावा, हे बरे.

आता कोड्याकडे परत येऊ. गर्भात ट्रॅक-ए हा ग्राही सर्व मज्जापेशींवर नसतो. वेदना आणि उष्णता जाणणाऱ्या लहान पेशींवर तो असतो, आणि घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या अनुकंपी पेशींवर असतो. स्पर्श आणि अवयवांची स्थिती सांगणाऱ्या मोठ्या पेशी त्याच घराण्यातल्या दुसऱ्या ग्राहींवर आणि दुसऱ्या पोषकांवर जगतात. हा धागा हाती आला की १९६५ सालच्या त्या तपासणीचा अर्थ लागतो. ट्रॅक-ए निकामी झाला तर कोण मरेल? वेदनेच्या पेशी आणि घामाच्या पेशी, दोन्ही एकदम. बाकीच्या राहतील. दोन खाती निराळी खरी, पण दोघांची शिधापत्रिका एकच होती.

१९९४ साली शास्त्रज्ञांनी हे जनुक मुद्दाम निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात वेदनेच्या पेशी नव्हत्या आणि अनुकंपी पेशीही झडून गेल्या. ते वाचून जपानमधील कुमामोटो येथील बालरोगतज्ज्ञ यासुहिरो इंदो आणि त्यांचे सहकारी यांनी वेदना व घाम नसलेल्या मुलांचे जनुक तपासले. १९९६ साली त्यांनी जाहीर केले की या मुलांच्या ट्रॅक-एच्या जनुकात बिघाड आहे. तेहतीस वर्षांपूर्वी नोंदल्या गेलेल्या दुखण्याचे मूळ असे सापडले. मागाहून निरनिराळ्या देशांत अशा मुलांच्या जनुकांत कितीतरी निरनिराळे बिघाड आढळले. उत्तर स्वीडनमधील व्हिटांगी या गावच्या काही कुटुंबांत तर ग्राही शाबूत, पण खुद्द मज्जापोषकाचे जनुक बिघडलेले, असेही २००४ साली दिसून आले. त्या लोकांना घाम येतो, बुद्धीही चांगली असते. पण हाडांची आणि सांध्यांची खोल वेदना कळत नसल्याने सांधे तरुणपणीच कामातून जातात.

हा आजार मुलाला आईबापांकडून येतो, पण आईबाप निरोगी असतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक बिघडली आणि दुसरी चांगली असली तर काम भागते. आई आणि बाप दोघांचीही एकेक प्रत बिघडलेली असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता राहते की मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतील. नात्यात लग्न झाले म्हणजे एकाच पूर्वजाची बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. इस्राएलच्या वाळवंटातील बेदुइन जमातींत, जेथे चुलत भावंडांची लग्ने होतात, हा आजार इतर ठिकाणांपेक्षा अधिक आढळला आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक ज्ञातींत आहे. अशा प्रत्येक लग्नातून आजारी मूल होते असे मुळीच नाही. हा आजार अतिशय विरळ आहे. पण घरात एक असे मूल झाले असेल, तर पुढच्या लग्नांआधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. आणि दोष आईचा, की तिच्या पायगुणाचा, ही चर्चा तर कायमची बंद व्हावी. प्रती दोघांकडून आलेल्या असतात.

जन्मानंतर ग्राहीचे काम संपत नाही, बदलते. मोठ्या माणसात वेदनेच्या पेशी मज्जापोषकावाचून मरत नाहीत. पण जेथे सूज येते तेथे मज्जापोषक वाढते, ट्रॅक-ए जागा होतो आणि वेदनेची पेशी अधिक हळवी होते. मुरगळलेल्या पायाला पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, त्याचे हे एक कारण. यावरून औषध करणाऱ्यांच्या मनात आले की मज्जापोषकच अडवले तर गुडघेदुखी थांबेल. टॅनेझुमॅब नावाचे प्रतिपिंड त्यासाठी तयार झाले. गुडघ्यांच्या संधिवाताच्या रोग्यांवर प्रयोग झाले, आणि दुखणे खरोखर कमी झाले. पण काही रोग्यांचे सांधे झपाट्याने झिजून कोसळू लागले. २०१० साली अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने प्रयोग थांबवले. पुढे अटी घालून ते पुन्हा सुरू झाले. २०२१ साली तज्ज्ञ समितीचे मत विरुद्ध गेले आणि त्याच वर्षी त्या औषधाचा नाद सोडण्यात आला. सांधे का कोसळतात याची सर्व कारणे अजून उलगडलेली नाहीत. दुखायचे थांबले म्हणून रोग्याने खराब सांध्यावर अधिक भार टाकला, हे त्यांतले एक असावे असे अनेकांना वाटते.

हे वाचताना मला पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसची आठवण झाली. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा बसवलेला असतो. हात आत गेला की यंत्र थांबते. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, यंत्र वारंवार थांबते आणि उत्पादन घटते म्हणून तो पडदा बंद करून ठेवला होता. आठवडाभर उत्पादन वाढले. मग एका रात्रपाळीत एका पोराची बोटे गेली. यंत्राचे थांबणे ही अडचण नव्हती. थांबण्याचे कारण ही अडचण होती.

पण मी येथे वेदनेचे गोडवे गाण्यासाठी आलेलो नाही. ज्या वर्दीवर काही करणे शक्य नाही, जी आल्यावरही आग विझत नाही, ती रात्रंदिवस वाजत राहणे हा छळ आहे. कर्करोगाच्या रोग्याला, गुडघे झिजलेल्या म्हातारीला वेदनाशामक मिळालेच पाहिजे, आणि चांगल्या औषधांचा शोध चालू राहिलाच पाहिजे. या ग्राहीच्या ज्ञानाचा उपयोगही तेथे झाला आहे. बार्बासिदना सापडलेल्या त्या तुटक्या जोडात पहारेकऱ्यांचा बाहेरचा भाग गेलेला असतो आणि ट्रोपोमायोसिनचा तुकडा त्यांना कायमचे एकत्र बांधून ठेवतो. त्यामुळे दारी कोणी आलेले नसताना शिक्के पडत राहतात आणि पेशी वाढत सुटते. हे शिक्के थांबवणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, या घराण्यातले जनुक असे जोडले गेले आहे काय, एवढे पाहून ते दिले जाते. अशा गाठी थोड्याच रोग्यांत असतात. पण ज्यांच्यात असतात त्यांच्यापैकी पुष्कळांत त्या आकसतात.

ज्या मुलांचा ग्राही जन्मतःच निकामी आहे, त्यांना मात्र आज बरे करणारे औषध नाही. पेशी गर्भातच मरून गेलेल्या असतात. मग त्यांना जगवतात कोण? आईबाप. सकाळ-संध्याकाळ मुलाचे सर्व अंग तपासावयाचे. तोंड, डोळे, तळपाय, बोटांच्या बेचक्या. पाऊल सुजले आहे काय, चालणे बदलले आहे काय, हे पाहावयाचे. दातांच्या धारा बोथट करून घ्यावयाच्या. ताप मोजावयाचा, उन्हात ओले कपडे घालावयाचे, गार जागी ठेवावयाचे. जी वर्दी मुलाच्या देहाकडून येत नाही, ती दुसऱ्यांच्या डोळ्यांनी घ्यावयाची.

आपल्या देशाला हा धडा नवा नाही. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंनाच इजा करतात आणि हातपाय बधिर होतात. वेल्लोर येथे १९४६ सालापासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी पाहिले की रोग्यांची बोटे आपोआप गळत नाहीत; न दुखणाऱ्या जखमा, भाजणे, घासणे यांनी ती झिजतात. रात्री उंदीर बोटे कुरतडून जात आणि रोग्याला जाग येत नसे. म्हणून औषधाइतकेच महत्त्व त्यांनी रोज हातपाय पाहण्याला आणि योग्य पादत्राणांना दिले.

‘वेदना’ हा शब्द विद् म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. आपल्या भाषेला दुखण्यात जाणणे दिसले, हे मला मोठे समर्पक वाटते. आमच्या वस्तीत ‘दुखणे अंगावर काढणे’ ही रीतच पडून गेली आहे. पाळी बुडेल, खाडा पडेल, म्हणून माणूस पाठीची, छातीची, डोळ्यांची वर्दी ऐकून न ऐकल्यासारखी करतो. त्याचा ग्राही शाबूत आहे, मज्जातंतू शाबूत आहेत. त्याला ऐकण्याइतकी सवड आणि पगारी रजा नाही, एवढेच. ती मिळवून देणे हे जनुकतज्ज्ञांचे काम नव्हे. ते तुमचे-आमचे आहे.

आणि शेवटी एक साधी सूचना. तुमच्या घरी, शेजारी, एखादे तान्हे मूल सुई टोचली तरी रडत नसेल, त्याला घाम येत नसेल आणि कारण न कळता ताप येत असेल, तर सोशीक म्हणून त्याचे कौतुक करत बसू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र सांगा. एकेकटी सांगितली तर तिचा अर्थ लागणार नाही.